भीक मागायला निरुपयोगी हात : वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड आणि कुष्ठरुग्णांचे पुनर्वसन

स्वातंत्र्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे. मद्रास प्रांतातील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये एक तरुण परत आला. काही काळापूर्वी याच ठिकाणी त्याच्या हातावर शस्त्रक्रिया झाली होती. कुष्ठरोगाने आखडून आत वळलेली त्याची बोटे आता उघडत होती, मिटत होती, भाताचा घास उचलू शकत होती. तरीही तो अधिकच खंगलेला होता आणि त्याची तक्रार विलक्षण होती. हे हात भीक मागायला निरुपयोगी आहेत, असे त्याचे म्हणणे. पूर्वी वाकडे पंजे पुढे केले की लोक नाणे टाकत. आता हात धड दिसतात म्हणून भीक मिळत नाही, आणि अंगावर रोगाच्या खुणा आहेत म्हणून कोणी कामही देत नाही.

ही तक्रार ज्यांच्यापुढे मांडली गेली ते शल्यविशारद म्हणजे डॉ. पॉल ब्रँड. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव हाताच्या शस्त्रक्रियांसाठी घेतले जाते. परंतु त्यांच्या कार्याला खरे वळण त्या तरुणाच्या तक्रारीने दिले. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

प्रथम त्या काळाची पार्श्वभूमी. १८९८ साली ब्रिटिश सरकारने ‘लेपर्स ॲक्ट’ केला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या कुष्ठरुग्णाला पोलिसाने विनावॉरंट पकडावे आणि त्याला आश्रमात डांबावे, अशी त्यात तरतूद होती. ज्या भागांत हा कायदा लागू होई, तेथे रुग्णाला खाद्यपदार्थ तयार करून विकण्यास, सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर पाणी भरण्यास, भाड्याच्या वाहनात बसण्यास मनाई करता येई. रेल्वेचा डबा तेवढा अपवाद. शिवाय सरकारला वाटेल तो धंदा अधिसूचना काढून रुग्णांना बंद करता येत असे. म्हणजे धंदा करण्यास बंदी आणि धंदा नाही म्हणून अटक. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले.

मराठीत या रोगाला ‘महारोग’ म्हणत, ‘रक्तपिती’ म्हणत. ‘बोटे झडतात’ हा शब्दप्रयोग आजही कानावर पडतो. रोग्याचे मांसच नासके असते, ते आपोआप गळून पडते, त्यावर केलेली जखम भरत नाही, हा समज खेड्यांत होता तसाच वैद्यकीय महाविद्यालयांतही होता. नॉर्वेच्या हॅन्सनने रोगाचा जंतू १८७३ मध्येच दाखवून दिला होता, तरीही ‘नासक्या मांसा’ची कल्पना टिकून राहिली. भरणारच नाही अशा हातावर शस्त्रक्रिया कशासाठी करायची? म्हणून कोणी करीत नव्हते.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ चा, तामिळनाडूतील कोल्ली डोंगरावरचा. आईवडील मिशनरी. वडील जेस्सी घरे बांधीत, सुतारकाम करीत आणि जुजबी औषधपाणीही देत. त्यांच्या दारी एकदा तीन कुष्ठरुग्ण आले. वडिलांनी हातमोजे घालून त्यांच्या जखमा बांधल्या. मुलांना मात्र लांब उभे करण्यात आले. त्या रुग्णांसाठी काढलेली फळांची टोपली पुढे जाळून टाकली. ज्या घरात दयेला तोटा नव्हता त्या घरातही भय इतके होते. लहानग्या पॉलने हे पाहिले. नवव्या वर्षी त्याची इंग्लंडला शिक्षणासाठी रवानगी झाली आणि १९२९ मध्ये वडील तापाने वारले. पितापुत्रांची भेट पुन्हा झाली नाही.

या मुलाला डॉक्टर व्हायचे नव्हते. रक्त आणि पू यांची त्याला शिसारी होती. शाळा सोडून त्याने चार-पाच वर्षे बांधकामाचा धंदा शिकण्यात घालवली: सुतारकाम, गवंडीकाम. पुढे मन पालटले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले. ते दिवस महायुद्धाचे, बाँबवर्षावाचे होते. जखमी हातांवर काम करण्याचा सराव तेथेच झाला. सहाध्यायी मार्गारेट बेरी यांच्याशी १९४३ मध्ये त्यांचा विवाह झाला. सुताराच्या बाकावर घालवलेली वर्षे वाया गेली, असे त्यांना बराच काळ वाटत असे. या वर्षांचा हिशेब पुढे येईल.

१९४६ च्या अखेरीस ब्रँड वेल्लोरला आले ते सर्वसाधारण शल्यविशारद म्हणून. कुष्ठरोग त्यांच्या ध्यानीमनी नव्हता. त्यांना बोलावून घेणारे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे मात्र कुष्ठरोगाचे नामांकित तज्ज्ञ. १९४७ मध्ये कॉक्रेन त्यांना चिंगलपुटच्या (आजचे चेंगलपट्टू) कुष्ठरुग्णालयात घेऊन गेले. हिरवळ, बागा, आणि बागांतून हिंडणारी आखडलेल्या हातांची माणसे. हे हात असे का होतात, या ब्रँड यांच्या प्रश्नावर कॉक्रेन यांनी त्यांनाच पेचात धरले. आपण त्वचारोगांचे वैद्य. हाडे, सांधे आणि हात हे तुमचे क्षेत्र. आणि इतक्या मोठ्या संख्येने माणसांना पंगू करणाऱ्या या रोगाकडे जगातील एकाही अस्थिशल्यविशारदाने लक्ष दिलेले नाही, असा त्यांचा रोख होता.

तेथेच एका तरुण रुग्णाचा हात ब्रँड यांनी हातात घेतला. बोटे आत वळलेली, अंगठा ताठ. ‘जोर लावून दाब,’ असे त्याला सांगितले. लुळ्या हाताकडून कसला जोर येणार? पण त्या पकडीने ब्रँड कळवळले. त्या तरुणाला मात्र आपण किती जोर लावतो आहोत याची जाणीवच नव्हती. या हस्तांदोलनात दोन शोध दडलेले होते. ब्रँड यांना त्या क्षणी एकच दिसला: हात मेलेला नाही, त्यातील काही स्नायू उत्तम शाबूत आहेत. दुसरा उमगायला काही वर्षे जावी लागली.

मग तपासणी सुरू झाली. शेकडो हात, एकेक स्नायू, एकेक बोट. रोगाने हात विद्रूप करण्यात एक ठराविक क्रम दिसू लागला. चिंगलपुटला एका मृत रुग्णाचे शवविच्छेदन करण्याची संधी मिळाली, तेव्हा मज्जातंतू उघडे करून पाहता आले. काही ठराविक जागीच ते सुजून जाड झाले होते: कोपरापाशी, मनगटापाशी, गुडघ्याच्या बाजूला, घोट्यापाशी. म्हणजे जेथे मज्जातंतू कातडीच्या लगत येतो आणि शरीर तुलनेने थंड असते तेथे. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो, हे आज पाठ्यपुस्तकात असते. या जागांवर तंतू मारला गेला की त्यापुढचे स्नायू लुळे पडतात. अलीकडचे शाबूत राहतात. त्यामुळे पंजातील बारीक स्नायू निकामी होतात, परंतु कोपर आणि मनगट यांच्यामधील पुष्कळसे स्नायू जोमदार असतात. पंजा आखडतो तो या असमतोलाने. मोठे स्नायू ओढत राहतात, त्यांना आवरणारे लहान स्नायू उरलेले नसतात.

उपाय यातूनच निघाला. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. बोट मिटवण्यासाठी प्रत्येक बोटाला अशा दोन कंडरा असतात. त्यांतील एक सोडवून, तिचा मार्ग बदलून, लुळ्या पडलेल्या स्नायूच्या जागी जोडायची. पोलिओ आणि युद्धातील जखमा यांसाठी अशी कंडरा-स्थलांतराची तंत्रे युरोप-अमेरिकेत ठाऊक होती. कुष्ठरुग्णाच्या हातावर ती पद्धतशीरपणे वापरणे नवे होते. १९४८ च्या सुमारास वेल्लोरला पहिल्या शस्त्रक्रिया झाल्या. जखमा भरल्या. इतर कोणाच्याही जखमा भरतात तशाच भरल्या.

शस्त्रक्रिया हा त्यातील सोपा भाग. दोरीची जागा बदलली तरी मेंदूला त्याची वार्ता नसते. जो स्नायू जन्मभर बोट मिटवीत आला त्याला आता निराळे काम करायचे असते, आणि बोटांत संवेदना नसल्याने रुग्णाला डोळ्यांनी पाहून, आठवडेच्या आठवडे सराव करून ते शिकावे लागते. व्यायामोपचार करणाऱ्यांचा वाटा म्हणूनच शल्यविशारदाइतका मोठा होता. चरित्रांत तो तितका दिसत नाही.

रुग्णालयात या रुग्णांना खाटा मिळत नव्हत्या. इतर रुग्ण निघून जातील, ही भीती. त्यामुळे आवारातच एक साधी मातीच्या भिंतींची जागा उभी राहिली आणि हाताचा दवाखाना तेथे चालू लागला.

आता त्या तरुणाकडे वळू. त्याच्यासारखे इतरही परत येत होते. शास्त्रक्रियेचा निकष लावला तर हे सर्व यशस्वी रुग्ण. आणि पोटाचा निकष लावला तर पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत. भीक हा त्यांचा एकमेव व्यवसाय होता आणि विद्रूप हात हे त्या व्यवसायाचे भांडवल होते, हे वाक्य क्रूर वाटते, पण त्यात खोटे काही नाही. भांडवल काढून घेतले आणि बदल्यात काही दिले नाही. ‘रुग्ण बरा झाला’ हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न येथे एका भिकाऱ्याने विचारला होता.

ब्रँड यांचे मोठेपण हे, की त्यांनी तो प्रश्न उद्धटपणा मानला नाही. १९५१ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात ‘नवजीवन केंद्र’ उभे राहिले: चुना फासलेल्या मातीच्या झोपड्या, भारतीय खेड्यासारखी मांडणी, आणि मध्ये कार्यशाळा. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांनी येथे राहायचे आणि हातांना काम शिकवायचे. लाकडी खेळणी, जोडकोडी तयार होऊ लागली. करवत कशी धरावी, रंधा कसा मारावा हे खुद्द शल्यविशारदच शिकवीत असत. लंडनच्या सुतारकामाची वर्षे अशी कामी आली. मातीच्या झोपड्यांमागे विचार असा की, जो माणूस उद्या आपल्या गावी परतणार आहे त्याला दगडी इमारतीत ठेवून काय साधणार?

कार्यशाळेतच दुसरा शोध लागला. कामाला लागलेल्या हातांवर जखमा दिसू लागल्या. एक दिवस गंजलेल्या कुलपाची किल्ली ब्रँड यांच्याने फिरेना; बारा-एक वर्षांच्या मुलाने पुढे होऊन ती सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त येत होते. किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि मुलाला पत्ता नव्हता. आपण किती जोर लावतो हे सांगणारी वेदनाच नसली की माणूस अमर्याद जोर लावतो. चिंगलपुटच्या हस्तांदोलनाचा अर्थ असा होता.

मग प्रत्येक जखमेचा माग काढण्याची शिस्त लागली. हातोड्याच्या अरुंद दांड्याने फोड येतो, तर दांडा जाड करायचा, म्हणजे दाब अधिक क्षेत्रावर विभागला जाईल. चहाचा गरम पेला, चुलीवरचे भांडे, चपलेतला खिळा, विडीचे थोटूक. प्रत्येकाचे नाव जखमेसमोर लिहिले जाऊ लागले. रोज हात तपासायचे, फोड दिसला की कारण शोधायचे. तेवढ्याने बोटांची झीज थांबू लागली. ‘बोटे झडतात’ या शतकानुशतकांच्या वाक्याला उत्तर मिळाले ते असे: बोटे झडत नाहीत. ती भाजतात, कापतात, चेंगरतात, त्यांत पू होतो, आतले हाड खचत जाते, आणि हे सारे होत असताना मालकाला काहीच दुखत नाही.

एक कोडे मात्र सुटेना. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे होत. रात्री झोपताना बोट आहे, सकाळी नाही. मग रात्रपाळीने पहारा बसवला. मध्यरात्री उंदीर आला, झोपलेल्या माणसाच्या बधिर बोटाला लागला, आणि माणूस झोपूनच राहिला. यावरचा उपाय शस्त्रक्रियागृहात नव्हता. केंद्रात मांजरे पाळण्यात आली, आणि घरी परतणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची प्रथाच पडली. वैद्यकाच्या इतिहासात कुष्ठरोगाच्या गंभीर प्रबंधांशेजारी मांजराला इतके मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल.

पायांचीही तीच कथा. तळव्यावरचे व्रण वर्षानुवर्षे चिघळत; ते रोगाचेच अंग समजले जात. पाय प्लास्टरमध्ये बंद करून दाब वाटून दिला की ते भरत. ही पद्धत वेल्लोरपूर्वीही भारतात आणि सिलोनमध्ये वापरली गेली होती. ब्रँड आणि सहकाऱ्यांनी तिला कारणमीमांसेचा आधार दिला. भरलेला पाय पुन्हा फुटू नये म्हणून मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला तयार केल्या. ‘मायक्रोसेल्युलर रबर’ची ही चपला भारतातील कुष्ठरुग्णालयांची ओळख ठरली.

वेदनेचे मोल ब्रँड यांना स्वतःच्या अंगावरही कळले. १९५० च्या दशकाच्या आरंभी, लांबच्या प्रवासानंतर लंडनमध्ये एका रात्री पायमोजा काढताना त्यांना आपली टाच बधिर वाटली. त्यांनी सुई टोचून पाहिली. दुखले नाही. कुष्ठरुग्णांत वर्षे काढलेल्या माणसाने त्याचा अर्थ काय लावावा? रात्रभर ते भावी आयुष्याची, पत्नी आणि मुलांपासून ताटातुटीची चित्रे पाहत राहिले. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि ते वेदनेने ओरडले. आगगाडीत अवघडून बसल्याने मज्जातंतू तात्पुरता दबला होता, एवढेच. जो डॉक्टर इतरांना ‘भिऊ नका’ सांगत होता त्यालाही भयाने एक रात्र झोपू दिले नाही, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले.

१९५२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यांनी कुष्ठरोगातील हाताच्या पुनर्रचनेवर हंटेरियन व्याख्यान दिले. १९५५ मध्ये वेल्लोरजवळ करिगिरी येथे शेफेलिन संशोधन केंद्र सुरू झाले. मार्गारेट ब्रँड यांनी कुष्ठरोगाने येणाऱ्या अंधत्वावर आयुष्य वेचले: चेहऱ्याचे स्नायू लुळे पडले की पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि दृष्टी जाते.

आणि डॉ. मेरी वर्गीस. १९५४ च्या मोटार अपघाताने या तरुण डॉक्टरचे कमरेखालचे शरीर लुळे झाले. ब्रँड यांनी सुचवले की कुष्ठरुग्णाच्या हाताची शस्त्रक्रिया बसूनच करावयाची असते, मग चाकाच्या खुर्चीतून का करू नये? तिने ती केली. पुढे अमेरिकेत शिक्षण घेऊन तिने वेल्लोरला पुनर्वसन-वैद्यकाचा विभाग उभारला. १९६६ मध्ये तेथील पुनर्वसन संस्था सुरू झाली. चाकाच्या खुर्चीतील शल्यविशारद समोर बसली असता ‘आता आपल्या हातून काय होणार’ असे म्हणणे रुग्णाला अवघड गेले असेल.

ब्रँड यांच्यावरील बहुतेक लेखन भक्तिभावाने झालेले आहे आणि ते सावधपणे वाचावे. रोग आटोक्यात आला तो शस्त्रक्रियांनी नव्हे. १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधे आली, १९८० च्या दशकात बहुऔषधोपचार आला, आणि जंतूचा पाडाव त्यांनी केला. औषधाने रोग थांबतो, पण मेलेला मज्जातंतू परत येत नाही. शल्यविशारदाचे क्षेत्र तेथून पुढचे. दुसरे असे की, या संशोधनात रुग्ण हे निव्वळ ‘लाभार्थी’ नव्हते. रात्री जागून पहारा देणारे, रोज आपल्या बोटांचा जमाखर्च ठेवणारे, नव्या हत्यारांची परीक्षा घेणारे तेच होते. त्यांची नावे प्रबंधांवर नाहीत.

महाराष्ट्रात याच सुमारास दोन निरनिराळ्या वाटांनी हाच प्रश्न हाताळला जात होता. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे केले. ते शल्यविशारद नव्हते, वकील होते. परंतु शेती आणि कारागिरीवर त्यांनी दिलेला भर पाहता, ब्रँड ज्या ठिकाणी शस्त्रक्रियेच्या वाटेने पोहोचले तेथे बाबा श्रमाच्या वाटेने पोहोचलेले दिसतात. दुसरे डॉ. नोशिर अंतिया. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलिज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकून आलेल्या या डॉक्टरने पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात बसक्या नाकांवर, चेहऱ्यांवर, हातांवर काम केले. (पुण्याच्या परिसरातच एका देशी कारागिराने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून घडवले होते आणि त्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात छापून आली होती. युरोपातील नाकाच्या शस्त्रक्रियांना तेथून चालना मिळाली.) पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अंतियांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि कुष्ठरुग्णांना सर्वसाधारण वॉर्डात, इतर रुग्णांच्या शेजारी खाट दिली. वेल्लोरला मातीच्या भिंती उभाराव्या लागल्या होत्या, हे स्मरले म्हणजे या एका खाटेचा अर्थ कळतो.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल येथील सरकारी कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा घाट घातला: हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रणा, धोका दिसला की इशारा. ध्वनीचा इशारा रुग्ण दुर्लक्षित करीत. विजेचा झटका दिला तर काम उरकेपर्यंत ते बटण बंद करून ठेवीत. लक्षावधी डॉलर खर्चूनही निसर्गाची ही एक यंत्रणा उभी करता आली नाही, आणि प्रकल्प सोडून द्यावा लागला. मात्र एक गोष्ट पुढे गेली. मधुमेहाच्या रुग्णांचे पायही असेच बधिर होतात, असेच चिघळतात, आणि ते कापले जातात. वेल्लोर-करिगिरीत कुष्ठरुग्णांच्या तळव्यांवर शिकलेले धडे, म्हणजे प्लास्टर, मऊ चपला आणि रोज पाय तपासणे, ब्रँड यांनी अमेरिकेतील मधुमेह-चिकित्सकांपुढे मांडले. आज मधुमेहाच्या दवाखान्यात ‘रोज रात्री तळवे पाहा, अनवाणी चालू नका’ असे सांगितले जाते, त्या सूचनेच्या मागे नवजीवन केंद्रातील त्या नोंदी आहेत.

ब्रँड ८ जुलै २००३ रोजी अमेरिकेत वारले. वेल्लोरच्या ज्या रुग्णालयात एके काळी कुष्ठरुग्णाला खाट मिळत नव्हती तेथील हस्तशल्यचिकित्सा विभागाला आज त्यांचे नाव आहे. यंत्रात सापडलेले, अपघातात चिरडलेले हात घेऊन माणसे तेथे येतात, आणि कुष्ठरोगाने आखडलेले हात घेऊनही.